इंजिनची गाळणी : स्वस्त कोणती आणि महाग कोणती?

आपल्या वस्तीत एकेकाळी सायकल असणे ही मोठी गोष्ट होती. बोनसच्या पैशांतून कोणी सायकल आणली की गल्लीतील मुले तिच्याभोवती जमत. आज दर दुसऱ्या दारात मोटारसायकल उभी दिसते. काही जण म्हणतात, लोकांचे शौक वाढले. आम्हांला ते पटत नाही. पहाटेची पहिली पाळी गाठणारा कामगार, घरोघर पार्सल पोचवणारा तरुण, वायरिंगच्या कामासाठी शहरभर फिरणारा इलेक्ट्रिशियन, यांच्या दृष्टीने मोटारसायकल हे हत्यार आहे. सुताराला जसा रंधा, शिंप्याला जशी मशीन, तशी ही गाडी. हत्यार बंद पडले की मजुरी बंद पडते. शिवाय हे हत्यार बहुतेकांनी कर्जावर घेतलेले असते. गाडी बंद पडली तरी हप्ता काही बंद पडत नाही.

या हत्यारातील एका लहानशा वस्तूविषयी आज आम्ही लिहीत आहोत. तिचे नाव ऑइल फिल्टर. मुठीत मावेल एवढी ही वस्तू. तिच्याविषयी लिहावेसे वाटले, ते आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

सल्ला आमचाच होता

आमच्या शेजारच्या चाळीत एक मुलगा राहतो. वडील नाहीत. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाते, धाकटी बहीण डिप्लोमाला आहे. मुलाने १५० सीसीची मोटारसायकल कर्जावर घेतली आणि तो पार्सल पोचवण्याचे काम करू लागला. दिवसाला सरासरी शंभर किलोमीटर गाडी पळे. एका रविवारी तो आमच्याकडे आला. "जयभीम काका. ऑइल चेंज करायचं आहे. फिल्टर दुकानात एकशे दहाला सांगतात, बाजारात रस्त्यावर तसाच पन्नासला मिळतो. कुठला घेऊ?"

आम्ही कारकून माणूस. वाणिज्य शाखेत शिकलो, जन्मभर आकड्यांत बसलो. आम्ही म्हणालो, "अरे, दोन्हींचं खोकं सारखंच आहे ना? मग साठ रुपये जास्त कशाला देतोस? तेवढ्यात बहिणीची वही येईल." मुलाने आमचे ऐकले. त्याने पन्नास रुपयांचा फिल्टर घेतला. पावती मागितली नाही, कोणी दिलीही नाही.

तीनएक हजार किलोमीटर गाडी नीट चालली. मग इंजिनमधून बारीक टकटक येऊ लागली. मुलाला वाटले, चेन ढिली झाली असेल. कामाच्या गडबडीत चार दिवस गेले आणि भोसरीहून चाकणकडे जाताना, मोशीच्या पुढे, गाडी चालता चालता इंजिन जाम झाले. नशिबाने मागून ट्रक नव्हता. मुलगा बचावला. पार्सलांसकट गाडी टेम्पोत घालून आणावी लागली.

गॅरेजमध्ये इंजिन उघडले तेव्हा आम्ही तिथे उभे होतो. तेल पुरेसे होते, पण ते पोचत नव्हते. मेकॅनिकने फिल्टर काढून आमच्या हातावर ठेवला. आतला कागद चिंबून एका बाजूला बसला होता. टोकाची चकती कागदापासून सुटली होती. तिथला गोंद गरम तेलात विरघळून त्याचे तुकडे तेलाच्या बारीक वाटेत अडकले होते. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग जळाली, पिस्टनवर ओरखडे पडले. बिल झाले ९,४०० रुपये. गाडी चौदा दिवस गॅरेजमध्ये राहिली. दिवसाला खर्च जाऊन पाचशे सुटत, म्हणजे ७,००० रुपये बुडाले. बहिणीची परीक्षा फी भरायला उशीर झाला, दंड बसला. मुलाची आई आम्हांला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

फिल्टर काय करतो?

त्यानंतर आम्ही या वस्तूची माहिती करून घेतली. मेकॅनिकांना विचारले, गाड्यांची पुस्तके वाचली. समजले ते सोप्या भाषेत सांगतो.

इंजिनातील तेल केवळ गुळगुळीतपणासाठी नसते. ते उष्णता वाहून नेते आणि झिजलेल्या धातूचे कण, जळालेल्या इंधनाची काजळी, आत शिरलेली धूळ आपल्यासोबत घेऊन फिरते. मोटारीत इंजिनचे तेल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असते. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल पुरते. त्यामुळे गिअरच्या दातांची झीज आणि क्लचप्लेटचा भुसा त्याच तेलात उतरतो. मोटारसायकलचे तेल लवकर काळे पडते, त्याचे हे एक कारण आहे.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, तो काही मायक्रॉन जाडीचा असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केसही साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉनचा असतो. यावरून डोळ्यांना न दिसणारा कणही बेअरिंगला कसा ओरखडा पाडतो, हे ध्यानात येईल. पंपाने ढकललेले तेल फिल्टरच्या घड्या घातलेल्या कागदातून जाते. घाण कागदावर अडते, तेल पुढे जाते. कागदाला घड्या अशासाठी की लहान जागेत जास्त कागद बसावा. चहाची गाळणी लहान असली की लवकर तुंबते, तसेच हे आहे.

आता कागद तुंबला तर काय? त्यासाठी बायपास नावाची झडप असते. काही गाड्यांत ती फिल्टरमध्येच असते, काहींत इंजिनात. दाब वाढला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. कोरड्या इंजिनपेक्षा गढूळ तेल बरे, हा तिच्यामागचा विचार. नकली फिल्टरमध्ये या झडपेची स्प्रिंग अंदाजपंचे बसवलेली असू शकते. ती ढिली असेल तर तेल कायम न गाळता जाते आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. ती फार कडक असेल तर उघडतच नाही, मग कागद चिंबतो. बाहेरून दोन्ही फिल्टर चांगल्या फिल्टरसारखेच दिसतात.

या वस्तूचा इतिहासही जुना आहे. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीच्या तेलासाठी गाळणी तयार केली आणि तिला प्युरोलेटर हे नाव दिले. पुढे गाडीचे इंजिन टिकाऊ झाले त्यात चांगल्या धातूइतकाच या गाळणीचाही वाटा आहे.

आधी आपली गाडी ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. आपल्या गाडीला कागदी फिल्टर आहे का? सर्वच गाड्यांना तो नसतो.

हिरोची स्प्लेंडर घ्या. तिच्यात कागदी ऑइल फिल्टर नाही. तिथे एक तारेची जाळी असते आणि क्रँकवर फिरणारी एक वाटी असते. गोफण फिरवली की दगड बाहेरच्या बाजूला ओढला जातो. तसेच वाटी फिरू लागली की तेलातील जड घाण कडेला जाऊन चिकटते आणि स्वच्छ तेल मधून पुढे जाते. अशा गाडीला फिल्टर विकत घ्यायचा नसतो. जाळी आणि वाटी पुस्तकात सांगितलेल्या वेळी साफ करून घ्यायची असते. स्प्लेंडरच्या बिलात कोणी कागदी ऑइल फिल्टरचे पैसे लावले, तर तो कुठे बसवला हे अवश्य विचारावे.

बजाज पल्सर १५०, रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० अशा गाड्यांत इंजिनच्या बाजूच्या झाकणाखाली कागदी फिल्टर असतो. रॉयल एन्फील्डच्या ६५० सीसीच्या जोड-सिलिंडर गाड्यांना पत्र्याच्या डब्यातला, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर असतो. आपल्या गाडीला कोणता, हे गाडीसोबत मिळालेल्या मालकाच्या पुस्तकात असते. ते पुस्तक बहुतेक घरांत कपाटात पडून असते. ते काढावे. घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्यावे.

फिल्टर निवडताना

पहिली गोष्ट पार्ट नंबर. "पल्सरचा फिल्टर द्या" एवढे सांगणे पुरेसे नाही. एकाच नावाच्या गाडीची इंजिने वर्षागणिक बदलतात. गाडीचे साल आणि मॉडेल सांगून पार्ट नंबर जुळवून घ्यावा. जुना फिल्टर सोबत नेला तर आणखी चांगले. उंची, रुंदी आणि मधले भोक तंतोतंत जुळले पाहिजे. एखाद्या मिलिमीटरच्या फरकानेही कडेने फट राहू शकते आणि न गाळलेले तेल तिथून निसटते.

दुसरी गोष्ट खोके. बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. वजनमापांसंबंधीच्या २०११ च्या नियमांत तसे बंधन आहे. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेले, चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली, किंमत खोडलेली असे काही दिसले तर खोके परत करावे. होलोग्राम किंवा स्कॅन करायचा चौकोनी कोड असेल तर मोबाइलवर तपासावा. कंपनीचे बोधचिन्ह मात्र पुरावा समजू नये. नकली माल विकणारा सर्वांत आधी बोधचिन्हच छापतो.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष माल. फिल्टर हातात घेऊन उजेडात पाहावा. घड्या एकसारख्या आणि सरळ असाव्यात. टोकाच्या चकतीला कागद सगळीकडून नीट चिकटलेला असावा. गोंदाचे ओघळ किंवा मोकळी जागा दिसता कामा नये. रबराची कड मऊ पण लवचिक असावी, दाबून सोडली की पूर्ववत व्हावी. बोटाने हलके दाबल्यावर कागद पापडासारखा कुरकुरत असेल तर तो फिल्टर घेऊ नये.

चौथी गोष्ट उत्पादक. सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे गाडीच्या कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून घेणे. तेथे केवळ सुटा भागही मिळतो, गाडी सर्व्हिसिंगला लावलीच पाहिजे असे नाही. त्याखालोखाल प्युरोलेटर, बॉश यांसारख्या फिल्टर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांचा माल, तोही ओळखीच्या दुकानातून आणि पावतीसह.

पाचवी गोष्ट किंमत. निम्म्या किमतीत तीच वस्तू मिळते तेव्हा ती तीच वस्तू आहे का, हा प्रश्न मनात आला पाहिजे. आम्ही नेमका तोच विचारला नाही. उलट फार महागाच्याही मागे लागू नये. धुऊन पुन्हा वापरायचे स्टीलच्या जाळीचे फिल्टर मिळतात. ते शर्यतीवाल्यांच्या हौसेचे आहेत. रोज कामावर जाणाऱ्याला गाडीच्या कंपनीने सांगितलेला कागदी फिल्टर पुरेसा आहे. मात्र तो कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन परत बसवू नये. कागदाची छिद्रे आणि गोंद दोन्ही त्यात खराब होतात.

बसवतानाची काळजी

चांगला फिल्टर वाईट बसवला तर तोही इंजिन घालवतो. कित्येक कागदी फिल्टरना आतली आणि बाहेरची बाजू ठरलेली असते, बाहेरच्या बाजूवर इंग्रजीत 'आउट साइड' असे छापलेले असते. उलटा बसला तर तेलाची वाट बंद होऊ शकते. काही गाड्यांत त्यामागे स्प्रिंग असते, ती खाली पडून राहता कामा नये. झाकणाची ओ-रिंग नवी घालावी आणि तिला तेलाचे बोट लावावे. डब्याचा फिल्टर असेल तर जुने रबर इंजिनला चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे. दोन रबरे एकावर एक आली की तेल गळते.

फिल्टर बदलल्यावर गाडी सुरू करून मिनिटभर हळू चालू ठेवावी, रेस करू नये. मग बंद करून, थोडे थांबून, गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी पाहावी. नव्या फिल्टरमध्ये थोडे तेल शोषले जाते, म्हणून हे पाहणे जरुरीचे.

तेलही तपासून घ्यावे. डब्यावर जे-ए-एस-ओ आणि एम-ए किंवा एम-ए-टू ही इंग्रजी अक्षरे असावीत. ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी ते प्रमाण आहे. मोटारीचे तेल घातले तर क्लच घसरू शकतो. जाडीचा आकडा पुस्तकात असेल तोच घ्यावा. किती किलोमीटरला बदलायचे, तेही पुस्तकात असते. सिग्नलला थांबत, ओझे घेऊन, धुळीतून दिवसभर फिरणाऱ्याने त्या आकड्याला लांबवू नये.

वापरलेले तेल नाल्यात किंवा मातीत ओतू नये, गॅरेजमध्येच जमा करावे. आपली कित्येक मुले गॅरेजमध्ये काम करतात. त्यांना सांगणे असे की, काळे तेल रोज तासन् तास हाताला राहू देऊ नका. ते त्वचेला घातक आहे. हातमोजे वापरा, पेट्रोलने हात धुऊ नका, साबणाने धुवा.

पावती मागण्यात लाज कसली?

मुलाचे नुकसान झाल्यावर आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी म्हणून कागद काढून बसलो. पण जोडायचे काय? पावती नव्हती. विकणारा दुसऱ्या रविवारी त्या जागेवर नव्हता. आमचा अर्ज टेबलावरच राहिला.

म्हणून वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. विकलेल्या मालाची पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. पावती मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास नव्हे, तो आपला हक्क आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दुसऱ्याचे बोधचिन्ह लावून माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याखाली गुन्हा असून त्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. पावती आणि रिकामे खोके, दोन्ही पुढचे ऑइल चेंज होईपर्यंत जपून ठेवावे.

हिशेब पुन्हा मांडू

आता आम्ही आमचाच हिशेब नव्याने मांडतो. एका फिल्टरमागे वाचले साठ रुपये. दिवसाला शंभर किलोमीटर, वर्षात तीनशे दिवस, म्हणजे तीस हजार किलोमीटर. पाच हजारांना एक धरला तर वर्षाला सहा फिल्टर. वर्षाची बचत ३६० रुपये. नुकसान झाले ९,४०० आणि ७,००० मिळून १६,४०० रुपये. म्हणजे एका नकली फिल्टरने केलेले नुकसान भरून काढण्यासाठी पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ नकली फिल्टरच वापरावे लागतील आणि तेही एकदाही न फसता! पदवीच्या परीक्षेत आम्ही किंमत आणि खर्च यांतला फरक लिहून गुण मिळवले होते. तो फरक आम्हांला खऱ्या अर्थाने त्या गॅरेजमध्ये कळला.

गरिबाला स्वस्त वस्तूचा मोह होतो, यात त्याचा दोष नाही. खिशात जेवढे असते तेवढ्यातच त्याला भागवायचे असते. नकली माल विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. श्रीमंताची गाडी बंद पडली तर तो दुसरीत बसतो. आपली बंद पडली तर घर बंद पडते. म्हणून वस्तू पारखून घेण्याची गरज आपल्यालाच अधिक आहे.

बिलाचा अर्धा भाग आम्ही त्या मुलाला देऊ केला. तो घेईना. शेवटी त्याच्या आईच्या हाती बहिणीच्या फीसाठी म्हणून दिला, तेव्हा त्यांनी घेतला. मुलाची गाडी आता चालू आहे. वस्तीतल्या वाचनालयात आम्ही एक जाड वही ठेवली आहे. तिच्यात कोणाची गाडी कोणत्या सालाची, फिल्टरचा पार्ट नंबर काय, तेल कोणते, मागचे ऑइल चेंज किती किलोमीटरला झाले, हे लिहितात. नोंदी ती डिप्लोमावाली बहीणच करते. महिन्यातून एकदा एक जण सर्वांचे फिल्टर अधिकृत काउंटरवरून पावतीसह आणतो. जायचा-यायचा खर्च वाटला जातो.

अशी वही कोणत्याही वस्तीत सुरू करता येईल. तिला खर्च एका वहीचा. तोपर्यंत निदान एवढे करावे. येत्या रविवारी गाडीचे पुस्तक कपाटातून काढावे आणि फिल्टरचा पार्ट नंबर कागदावर उतरवून पाकिटात ठेवावा. आणि आमच्यासारखा कोणी काका "खोकं सारखंच आहे" असे म्हणाला, तर त्याला खोके उघडून दाखवायला सांगावे.